रविवारचं जंगल कुणाचं?

तुमच्या ओळखीतलं कुणीतरी सध्या पिट्सबर्गला, ल्योंला नाहीतर म्युनिकला शिकायला गेलेलं असणार. ऑक्टोबर लागला की त्यांच्या इन्स्टावर एकच सीझन सुरू होतो. लाल-पिवळी पानं, धुकं, सेकंडहँड घेतलेली माउंटन बाईक आणि हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यातून दिसणारी जंगलातली अरुंद वाट. आपण खाली आगीचे इमोजी टाकतो आणि पुढं सरकतो. त्याच जंगलात, त्याच दिवसांत आणखी एक सीझन सुरू असतो, त्याबद्दल मात्र इथून निघताना कुणी काही सांगत नाही. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, प्रेशर कुकर, सगळ्याची यादी असते. ‘थंडीत तिथल्या जंगलात बंदुका असतात’ ही ओळ त्या यादीत नसते.

नसते, कारण ती आपल्या डोक्यातच येत नाही. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा खेळ संपवला. आपल्याला शिकार म्हटलं की आठवतात ते वाघावर पाय ठेवून उभे असलेले राजे-महाराजे, नाहीतर काळविटाची कोर्टकेस. पण फ्रान्स, जर्मनी, अमेरिका इथं शिकार कायदेशीर आहे, तिला परवाना लागतो, परीक्षा असते, तारखा ठरलेल्या असतात. एकट्या फ्रान्समध्ये जवळपास दहा लाख लोक शिकारीला जातात. साधारण सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत त्यांचा सीझन चालतो, आणि त्यातही गर्दीचा दिवस कोणता? रविवार. म्हणजे जो दिवस तुमच्या मित्राला सायकल काढायला मिळतो, तोच.

हा प्रश्न फ्रान्समध्ये इतका पेटला की संसदेत गेला. तिथं काय झालं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढं कुठल्याही देशात जंगलातल्या वाटेवर सायकल घातलीत तरी हाच वाद तुम्हाला भेटणार आहे.

१३ ऑक्टोबर २०१८, शनिवारची संध्याकाळ. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ, आल्प्समधल्या मोंत्रियों गावाच्या हद्दीत एक माउंटन बायकर उतारावरून येत होता. वय ३४, मूळचा वेल्सचा, जवळच्याच ले जे गावात रेस्टॉरंट चालवणारा. त्या डोंगरात शिकाऱ्यांचा हाका सुरू होता. २२ वर्षांच्या एका शिकाऱ्याची गोळी त्याला लागली आणि तो जागेवरच गेला. यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट सरकारी वकिलांनी तेव्हाच सांगितली होती: सायकलस्वार सहज ओळखू येत होता. रंगीत कपडे, हेल्मेट, नेहमीची वर्दळ असलेली वाट. तरीही.

डिसेंबर २०२०मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या लोत भागात २५ वर्षांचा एक तरुण स्वतःच्या घराजवळ लाकडं फोडत होता. शिकाऱ्याला वाटलं रानडुक्कर आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये रेन शहराजवळ चौपदरी रस्त्यावरून गाडी चालवणाऱ्या माणसाला गोळी लागली आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२२मध्ये कांताल भागात खुणा केलेल्या पायवाटेवरून चालणारी पंचविशीची तरुणी गेली. गोळी झाडणारी मुलगी १७ वर्षांची होती. बारावीतल्या पोरीएवढी. तिथं सोळाव्या वर्षी शिकारीचा परवाना काढता येतो.

आता आकड्यांकडे बघू, कारण अशा चार घटना सलग वाचल्या की वाटतं तिकडं जंगलात गोळ्यांचा पाऊसच पडतो. तसं नाही. १९९९-२०००च्या सीझनमध्ये फ्रान्समध्ये शिकारीच्या अपघातांत ३९ माणसं मेली होती. २०१९-२०मध्ये ११, २०२०-२१मध्ये ७, २०२१-२२मध्ये ८, २०२२-२३मध्ये ६. आणि मरणाऱ्यांत बहुतांश शिकारीच असतात. २०२१-२२मधल्या आठांपैकी दोघेच बाहेरचे होते, ते म्हणजे वर सांगितलेले गाडीवाले आणि ती तरुणी. २०२२-२३मध्ये बाहेरचं कुणीच नव्हतं. आपल्याकडं एखाद्या घाटात एका महिन्यात याहून जास्त माणसं जातात, असं तुम्ही म्हणाल, आणि ते चूक नाही.

मग एवढा गदारोळ का? माझ्या मते त्याचं उत्तर मृत्यूंच्या संख्येत शोधायला गेलं तर सापडणार नाही. घाटात गाडी घालणारा माणूस निदान स्वतःहून रस्त्यावर उतरलेला असतो. लाकडं फोडणाऱ्या पोरानं तर कुठलाच धोका पत्करला नव्हता. एका माणसाच्या छंदाचा धोका दुसऱ्यानं उचलायचा, आणि तोही त्याला न विचारता, हा खरा मुद्दा आहे. लोक मेलेल्यांपेक्षा जास्त बोलतात ते जिवंत राहून वाट बदलणाऱ्यांबद्दल. ‘रविवारी पोरांना घेऊन जंगलात जायचं आम्ही सोडून दिलं’, हे वाक्य तिथल्या चर्चेत सारखं ऐकू येतं. ते कुठल्याही अपघाताच्या तक्त्यात येत नाही.

हे अपघात होतात कसे, तेही जरा नीट बघायला हवं, कारण सायकलवाल्याचा धोका चालणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. जुन्या शिकारकथांमध्ये हाक्याचं वर्णन असतं. फ्रान्समध्ये रानडुकरांची शिकार अजूनही बहुतेक वेळा तशीच होते. काही माणसं आणि कुत्री झाडीतून आवाज करत जनावर उठवतात, आणि रायफली घेतलेले शिकारी एका रांगेत, बऱ्याचदा वाटेच्या कडेलाच उभे असतात. जनावर झाडीतून सुसाट बाहेर पडतं आणि निर्णयाला एक-दोन सेकंद मिळतात. त्याच क्षणी झाडीत काहीतरी सळसळतं, खाली वाकलेलं, वेगानं येणारं. हे वर्णन रानडुकराचं आहे आणि उतारावरून येणाऱ्या माउंटन बायकरचंही. चालणारा माणूस उभा दिसतो, बोलत येतो, हळू येतो. सायकलवाला हँडलवर झुकलेला असतो, टायरचा आवाज पाचोळ्यात मिसळतो, आणि तो शिकाऱ्याच्या अंदाजापेक्षा फार लवकर समोर येतो.

दुसरी गोष्ट गोळीची. मोठ्या जनावरांसाठीच्या रायफलची गोळी चुकली तर ती तिथंच पडत नाही, दोन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. दगडावर आपटून दिशा बदलू शकते. म्हणून तिथल्या सुरक्षेचा सगळा भर तीन गोष्टींवर आहे. एक, शेजारचा शिकारी किंवा रस्ता यांच्या दिशेनं ३० अंशांचा कोन मोकळा सोडायचा, त्या कोनात बंदूक फिरवायचीच नाही. दोन, गोळी वरून खाली, जमिनीत घुसेल अशीच मारायची, त्यासाठी मचाणावर उभं राहायचं. तीन, काय आहे ते ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. पहिले दोन नियम भूमितीचे आहेत आणि तिसरा शुद्धीचा. गंभीर अपघातांची कारणं वाचली तर यातलाच एखादा नियम मोडलेला दिसतो.

२०१९च्या कायद्यानं फ्रान्समध्ये हाक्यातल्या शिकाऱ्यांना भडक रंगाचं जाकीट आणि रस्त्याकडेला सूचनाफलक सक्तीचे केले, दर दहा वर्षांनी सुरक्षेची उजळणीही आणली. मृत्यू कमी झाले त्याला परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा, हे नियम, आणि शिकाऱ्यांची घटत गेलेली संख्याही कारणीभूत आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट बंदूक धरणाऱ्याच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवा. ‘सायकलवाल्यांनी केशरी घालावं’ हा सल्ला जिथंतिथं दिला जातो. तो बरोबरच आहे, पुढं मीही देणार आहे. पण मोंत्रियोंचा बायकर दिसत होता आणि रेनजवळचा माणूस तर गाडीत बसलेला होता.

बरं, मग सरकारनं काय केलं? लाकडं फोडताना गेलेल्या तरुणाच्या मैत्रिणी एकत्र आल्या. त्यांनी सोशल मीडियावर शिकारीचे अनुभव गोळा करायला सुरुवात केली आणि सिनेटच्या याचिकांच्या साइटवर मागण्या मांडल्या: रविवारी आणि बुधवारी शिकार बंद, परवान्याचं प्रशिक्षण कडक, शिक्षा जरबेच्या. बुधवार का, तर तिथं लहान मुलांच्या शाळांना त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सुट्टी असते. लाखाच्या वर सह्या झाल्या, सिनेटला समिती नेमावी लागली. सप्टेंबर २०२२मध्ये तिचा अहवाल आला, तीस शिफारशींचा. रविवारची बंदी त्यात नव्हती.

९ जानेवारी २०२३ला सरकारनं आपली योजना जाहीर केली. रविवार तसाच राहिला. त्याऐवजी आलं काय, तर शिकार कुठं सुरू आहे ते सांगणारं अ‍ॅप आणि दारू पिऊन शिकार करण्यावर बंदी. (हो, तोपर्यंत त्यासाठी वेगळा गुन्हाच नव्हता. गाडी चालवायला दारूची मर्यादा, रायफल चालवायला नाही.) आणि ही बंदीही सप्टेंबर २०२३मध्ये प्रत्यक्ष हुकूम निघेपर्यंत पातळ झाली. रक्तातल्या दारूचं प्रमाण मोजण्याऐवजी ‘उघड दिसेल अशी नशा’ हा निकष आला. म्हणजे माणूस झोकांड्या खाताना दिसला पाहिजे. त्याच जानेवारीत लोतच्या खटल्याचा निकाल लागला. गोळी झाडणाऱ्याला दोन वर्षांची स्थगित कैद आणि शिकारीवर आजन्म बंदी. तुरुंगात जावं लागलं नाही.

सरकार इतकं का घाबरतं, असं वाटेल. थोडं मागं गेलं की कळतं. ऑगस्ट २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन शिकारी संघटनांना भेटले आणि देशभर चालणाऱ्या परवान्याची किंमत ४०० युरोंवरून २०० युरोंवर आणण्यावर शिक्कामोर्तब झालं. दुसऱ्या दिवशी पर्यावरणमंत्री निकोला ह्युलो यांनी रेडिओवर थेट मुलाखतीतच राजीनामा जाहीर केला, आणि त्या बैठकीत शिकाऱ्यांचा लॉबिस्ट बसलेला होता याचा उल्लेख केला. मोंत्रियोंची घटना त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी घडली.

पण शिकाऱ्यांना निव्वळ खलनायक करून टाकलं तर तुम्हाला या वादातलं निम्मंच कळेल. १७८९च्या क्रांतीआधी फ्रान्समध्ये शिकार हा सरदार-उमरावांचा हक्क होता. त्यांची हरणं शेत खायची आणि शेतकऱ्यानं बघत बसायचं. ४ ऑगस्ट १७८९च्या रात्री जे विशेषाधिकार रद्द झाले त्यात हाही होता. त्यामुळं गावातल्या माणसाच्या दृष्टीनं बंदूक घेऊन रानात जाणं हा क्रांतीनं मिळवून दिलेला हक्क आहे, आणि शनिवारी पॅरिसहून कार्बन फ्रेमची सायकल टपावर लादून येणारा पोरगा त्याला शिकवायला आला की त्याचं डोकं फिरतं. त्यात फ्रान्समधली सुमारे तीन चतुर्थांश जंगलं खासगी मालकीची आहेत. तुम्ही ज्या वाटेवरून सायकल मारता, ती बऱ्याचदा कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते असं समजा.

आणि रानडुकरं! फ्रान्समध्ये वर्षाला आठ लाखांच्या आसपास रानडुकरं मारली जातात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हा आकडा पन्नास हजारांच्याही आत होता. तरी मक्याची शेतं उद्ध्वस्त होतातच, आणि त्याची भरपाई शेतकऱ्यांना शिकाऱ्यांच्या महासंघांनीच द्यायची अशी तिथं व्यवस्था आहे. ‘आम्ही बंद करतो, मग डुकरं तुम्ही सांभाळा’, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या कुठल्याही शेतकऱ्याला तो अर्ध्या वाक्यात समजेल.

त्याला एक उत्तर मोंत्रियोंपासून गाडीनं तास-दीड तासावर आहे. जिनिव्हा परगण्यात १९७४ साली लोकांनी मतदान करून शिकार पूर्ण बंद केली. डुकरं वाढली तर तिथं पगारी वनरक्षक ती मारतात, तेही बहुधा रात्री, जेव्हा वाटेवर कुणी नसतं. म्हणजे मारणं थांबलं नाही, पण रविवार मोकळा झाला. आता जिनिव्हा लहान आहे, श्रीमंत आहे, फ्रान्सएवढ्या देशात हे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. पण ‘दुसरा मार्गच नाही’ असं कुणी म्हणायला लागलं की हे उदाहरण काढायचं.

अमेरिकेत वारं उलट्या दिशेनं वाहतंय. पेन्सिल्व्हेनियात आपली केवढी तरी पोरं आहेत, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, स्टेट कॉलेज. तिथं १८७३पासून रविवारच्या शिकारीवर जवळपास बंदी होती, मूळ कारण चर्च. धर्माच्या नावानं आलेल्या त्या नियमाचा फायदा पुढं ट्रेकर आणि सायकलवाल्यांना झाला. हिवाळ्यातला रविवार म्हणजे त्यांचा हक्काचा निर्धास्त दिवस. २०१९च्या कायद्यानं तीन रविवार खुले केले, आणि जुलै २०२५मध्ये गव्हर्नर जॉश शपिरो यांनी उरलेली बंदीही उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. २०२५च्या सीझनमध्येच सप्टेंबर ते डिसेंबर असे तेरा रविवार शिकारीला खुले झाले. शिकाऱ्यांची बाजू अशी, की आठवडाभर नोकरी करणाऱ्याला शनिवार एकच मिळतो, आणि त्यामुळं नवी पोरं शिकारीकडं येतच नाहीत. सीनिअर मंडळींनी ‘रविवारी बिनधास्त जा’ असं सांगितलं असेल, तर तो सल्ला आता जुना झालाय. मित्राला हे आजच फॉरवर्ड करा.

मग जायचंच नाही का? जायचं. पण डोळे उघडे ठेवून.

केशरी घाला, तेही झगझगीत फ्लुओरोसंट. लाल नको, तो संधिप्रकाशात काळपट दिसतो. पांढरा आणि तपकिरी तर नकोच, ते जनावरांचेच रंग. केशरीनं हरणं पळतील आणि शिकारी चिडतील अशी शंका असेल तर सोडून द्या. हरणाच्या डोळ्याला केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, माणसाच्या डोळ्याला तो अर्ध्या किलोमीटरवरून टोचतो. पेन्सिल्व्हेनियाच्या सरकारी शिकार-क्षेत्रात १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर शिकारी नसलेल्यांनाही डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच केशरी घालणं सक्तीचं आहे. सायकलवाल्यांची नेहमीची गफलत म्हणजे केशरी जाकिटावर काळी सॅक. झुकलेल्या माणसाची पाठच तर दिसते! सॅकवर केशरी कव्हर आणि हेल्मेटवर केशरी पट्टी लावा.

आवाज करा. हँडलला घंटी बांधा, ग्रुपनं जा, बडबड करा. कानात इअरबड्स अजिबात नकोत, कारण कुत्र्यांचं भुंकणं, शिंगाचा आवाज आणि गोळीचा आवाज या तीन गोष्टी तुम्हाला ऐकू यायलाच हव्यात. पहाटे आणि संध्याकाळी जनावर बाहेर असतं, म्हणून शिकारीही तेव्हाच. भर दुपार त्यातल्या त्यात बरी. पण हाके दिवसभर चालतात, तेव्हा दुपार म्हणजे निर्धास्त असंही नाही.

फ्रान्समध्ये ‘शास आं कूर’ अशी पाटी दिसली तर त्याचा अर्थ शिकार सुरू आहे. पाटी लावली म्हणून सार्वजनिक वाट बंद होत नाही, तुमचा जायचा हक्क शाबूत असतो. पण हक्क बजावायला ती जागा नव्हे. मागं फिरा, दुसरी वाट घ्या. शिकारी समोर दिसलाच तर सायकलवरून उतरा, हात वर करून जोरात हाक मारा, त्यानं बघितल्याची खात्री झाल्याशिवाय पुढं जाऊ नका. विचारा, हाका कुठल्या बाजूला आहे. नव्वद टक्के वेळा तो माणूस नीट सांगतो, त्यालाही अपघात नकोच असतो. आणि खुणा केलेली वाट सोडून झाडीत घुसायची हौस या काही महिन्यांत तरी बाजूला ठेवा. तिथं तुम्ही येऊ शकता हे कुणाच्याच हिशेबात नसतं.

आता शेवटचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आपल्याकडं शिकार बंद आहे, मग सह्याद्रीत सायकल घेऊन जाणाऱ्याला याचं काय? जानेवारी २०२५च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. त्यांच्यातल्याच एकाला डुक्कर समजून गोळी घातली गेली, माणूस मेला, आणि बाकीच्यांनी प्रकार दडपायचा प्रयत्न केला. पोलिसांना काही दिवसांनी कळलं. शिकार बेकायदा असते तेव्हा सीझन नसतो, पाटी नसते, केशरी जाकीट नसतं, अ‍ॅप तर नाहीच. आणि अपघात झाला तर मदत बोलावण्याऐवजी लपवण्याकडं कल असतो. फ्रान्सचा शिकारी निदान कुठं उभा आहे ते सांगायला बांधील आहे.

आपल्या वाटांवर बंदुकीपेक्षा जास्त शक्यता फाशाची. मोटारसायकलच्या क्लच-वायरचे फासे जनावरांच्या वाटांवर लावतात. त्याच वाटा आपण ‘नवीन ट्रेल सापडला’ म्हणून मॅपवर टाकतो. शेताच्या कडेनं रात्री सोडलेली वीजप्रवाहाची तार त्याहून वाईट, डुकरासाठी लावलेली ती तार माणूस आणि डुक्कर यांत फरक करत नाही. त्यामुळं अंधारात शेतं आणि रान यांच्या सीमेवरून सायकल नेऊ नका, पहाटेच्या सूर्योदयाच्या रीळसाठी तर नाहीच. फासा दिसला तर हात न लावता फोटो काढा, लोकेशन घ्या, लावणाऱ्याशी हुज्जत घालू नका. वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, जंगलात रेंज शोधताना आठवत नाही.